१ कोटी ३७ लाख नाणी पाडली, पण बाजारात उतरवलीच नाहीत: फ्रान्सच्या 'पेतां' नाण्याची आणि त्याच्या नमुन्यांची गोष्ट

नाणं तसं लहानच आहे. २२ मिलिमीटर व्यास आणि ४ ग्रॅम वजन. आपल्याकडच्या २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं हातात घेतलं, तर साधारण तेवढंच. एका बाजूला डावीकडे तोंड केलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं. केस विरळ, मिशी भरघोस. कडेने फ्रेंचमध्ये लिहिलंय, 'फिलिप पेतां, फ्रान्सचे मार्शल, राष्ट्रप्रमुख'. उलटून पाहिलं की दुहेरी पात्याची एक कुऱ्हाड, ५ फ्रँक ही किंमत आणि १९४१ हे साल.

हे नाणं १ कोटी ३७ लाख ८२ हजारांच्या संख्येत पाडलं गेलं. तरीही फ्रान्समधल्या कुठल्याही बेकरीवाल्याने ते गल्ल्यात टाकलं नाही, की कुणी त्याने ट्रामचं तिकीट काढलं नाही. नाणी टांकसाळीतच राहिली आणि त्यातली बहुतेक वितळवली गेली. वाचली ती आज संग्राहकांकडे आहेत. त्याहूनही कमी आहेत ती हे नाणं ठरण्याआधी पाडलेली नमुना नाणी. फ्रेंचमध्ये त्यांना 'एसे' म्हणतात, म्हणजे प्रयत्न किंवा चाचणी.

एवढ्याशा नाण्यावरून एवढी चर्चा का होते, हे समजायचं तर आधी तो म्हातारा कोण होता ते बघावं लागतं.

व्हर्डनचा हिरो, विशीचा प्रमुख

फिलिप पेतां यांचा जन्म १८५६ चा. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये व्हर्डनच्या लढाईत त्यांनी जर्मनांना रोखलं आणि ते फ्रान्सचे हिरो झाले. १९१८ मध्ये त्यांना मार्शल हा किताब मिळाला. गोष्ट इथेच संपली असती, तर आज फ्रान्सच्या गावोगावी त्यांचे पुतळे असते.

पण १० मे १९४० ला हिटलरच्या फौजांनी पश्चिमेकडे हल्ला केला आणि १४ जूनला पॅरिस पडलं. दोन दिवसांनी ८४ वर्षांचे पेतां पंतप्रधान झाले. २२ जूनला त्यांच्या सरकारने जर्मनीशी शस्त्रसंधी केली. हिटलरने मुद्दाम त्याच रेल्वेच्या डब्यात सह्या घ्यायला लावल्या, जिथे १९१८ मध्ये जर्मनीने हार मान्य केली होती. फ्रान्सचे तुकडे पडले. उत्तर भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मनांच्या ताब्यात गेला आणि उरलेल्या भागाचं सरकार विशी नावाच्या गावात बसलं. विशी हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हवा पालटायला जायचं ठिकाण. हॉटेलं भरपूर होती, त्यामुळे मंत्रालयं हॉटेलच्या खोल्यांमध्येच थाटली गेली.

१० जुलै १९४० ला तिथे जमलेल्या संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी पेतांना सर्वाधिकार देऊन टाकले. 'फ्रेंच प्रजासत्ताक' हे नाव मागे पडलं आणि त्याजागी 'एता फ्रान्से', म्हणजे 'फ्रेंच राज्य' आलं. क्रांतीच्या काळापासूनचं 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे ब्रीद हटवून 'काम, कुटुंब, मातृभूमी' हे नवं ब्रीद आलं.

मराठी वाचकांना यातली आधीची त्रयी लगेच ओळखीची वाटेल, कारण आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ती आहे. (आपण ही तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं डॉ. आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट केलं होतं.) फ्रान्समध्ये मात्र हे तीन शब्द सरकारी इमारतींवर, कागदांवर आणि नाण्यांवर होते. ते पुसायचे म्हणजे नवी नाणी पाडणं आलंच.

नाण्यावर माणसाचा चेहरा, तोही ७१ वर्षांनी

फ्रान्समध्ये नाण्यावर राज्यकर्त्याचा चेहरा ही साधी गोष्ट नाही. तिथे त्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगतात. जून १७९१ मध्ये सोळावा लुई वेश बदलून पॅरिसमधून पळाला. वाटेत द्रुए नावाच्या टपाल-ठाण्याच्या प्रमुखाने त्याला ओळखलं, आणि तेही चलनावर छापलेल्या राजाच्या चेहऱ्यावरून, असं म्हणतात. राजा व्हारेन गावात पकडला गेला. किस्स्यात मीठमसाला किती हा प्रश्न वेगळा, पण राजाचा फोटो घरोघरी पोचवायचं तेव्हाचं साधन चलन होतं, एवढं त्यातून कळतं.

त्यानंतर नाण्यावर शेवटचा चेहरा आला तिसऱ्या नेपोलियनचा. १८७० मध्ये त्याची सत्ता गेली आणि प्रजासत्ताकाने ठरवून व्यक्तींचे चेहरे टाळले. नाण्यांवर आल्या त्या प्रतीकात्मक स्त्रिया. धान्याची देवी सेरेस, ऑस्कर रोतीने घडवलेली बी पेरणारी बाई आणि प्रजासत्ताकाचं रूप असलेली मारियान. १९३० च्या दशकातल्या ५ फ्रँकच्या नाण्यावरही लाव्रिलिए या कलाकाराने घडवलेलं मारियानचं डोकं होतं.

१९४१ च्या नाण्यात मारियान नव्हती. ७१ वर्षांनी फ्रान्सच्या नाण्यावर पुन्हा जिवंत सत्ताधीश दिसणार होता. टपाल तिकिटांवर पेतां आधीच आले होते. नगरपालिकांच्या सभागृहांतून मारियानचे अर्धपुतळे हलवून मार्शलची तसबीर लावली जात होती. नाणं हा त्याच मोहिमेचा पुढचा टप्पा. तिकीट पत्रावर चिकटतं आणि जातं, नाणं मात्र रोज हातात येतं. प्रचारासाठी याहून स्वस्त माध्यम त्या काळात दुसरं नव्हतं.

डिझाईन कुणी केलं आणि 'एसे' म्हणजे नेमकं काय?

पेतांचं डोकं कोरलं ल्युसियें बाझोर यांनी. १९३० पासून ते पॅरिसच्या टांकसाळीचे मुख्य कोरक होते. त्या पदावरच्या माणसाची स्वतःची एक खूण प्रत्येक नाण्यावर असते, बाझोर यांची खूण होती पंख. त्यांनी कोरलेल्या ठशावर सहीही असते. या नाण्यावरही पेतांच्या डोक्यापाशी त्यांचं नाव बारीक अक्षरात आहे.

कलाकार आधी नाण्याच्या कितीतरी पट मोठी प्रतिकृती मातीत किंवा प्लास्टरमध्ये घडवतो. मग एक खास यंत्र त्या प्रतिकृतीवरून सुई फिरवत तीच आकृती लहान मापात पोलादावर कोरतं. त्या पोलादी ठशातून पहिली काही नाणी पाडून बघतात. नाक नीट उठतंय का? अक्षरं कडेला खेटतायत का? उठाव जास्त झाला तर एका दाबात धातू खोलगट भागात पूर्ण भरत नाही आणि चेहरा बोथट दिसतो. कमी झाला तर महिनाभरात झिजून सपाट होतो. बाझोर यांच्यासारख्या अनुभवी माणसालाही हे कागदावर कळत नाही, पाडूनच बघावं लागतं.

या चाचणीतून निघतात ती नमुना नाणी. त्यांच्यावर बहुतेकदा 'एसे' हा शब्दच कोरलेला असतो, म्हणजे ते चुकून व्यवहारात गेलं तरी ओळखता यावं. अशी नाणी मोजकीच पाडतात. काही टांकसाळीच्या दप्तरात राहतात, काही मंजुरीसाठी मंत्री आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे जातात. फ्रान्समध्ये नमुन्यांचा आणखी एक प्रकार असतो, 'पिएफोर'. त्याच ठशाचं, पण दुप्पट जाडीच्या चकतीवर पाडलेलं नाणं. व्यवहारात त्याचा उपयोग शून्य. ते मान्यवरांना भेट द्यायलाच असतं.

पेतां नाण्याचं अंतिम रूप एका झटक्यात ठरलं नाही. ५ फ्रँकसाठी एकाहून जास्त आराखडे झाले आणि त्यांचे नमुने पाडले गेले. मोठ्या किमतीच्या नाण्यांसाठीही मार्शलच्या चेहऱ्याचे प्रयोग झाले, ते नमुन्यापुढे गेलेच नाहीत. आज लिलावांत 'पेतां एसे' म्हणून येतात ती ही नाणी. इथे सोशल मीडियावर हमखास गोंधळ होतो. १९४१ चं 'एसे' न लिहिलेलं ५ फ्रँकचं नाणं हे नमुना नाणं नव्हे. ते रीतसर पाडलेलं, पण चलनात न आलेलं नाणं आहे. दुर्मीळ दोन्ही, पण वाचलेल्या नगांच्या संख्येत आणि किमतीत फरक मोठा.

ती कुऱ्हाड कसली?

मागच्या बाजूची कुऱ्हाड म्हणजे 'फ्रान्सिस्क'. मुळात हे फ्रँक टोळ्यांच्या फेकायच्या कुऱ्हाडीचं नाव, आणि 'फ्रान्स' हा शब्दही याच टोळ्यांवरून आला. पण विशीने जी कुऱ्हाड वापरली ती इतिहासातल्या कुऱ्हाडीसारखी नव्हती. खरी एका पात्याची होती, विशीची दुहेरी पात्याची. आणि तिचा दांडा नीट पाहिला तर तो दांडा नाहीच, तो मार्शलच्या हातातला दंडा आहे. म्हणजे पुढच्या बाजूला मार्शलचं डोकं, मागच्या बाजूला मार्शलचा दंडा. नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस. देशाची खूण म्हणून जे छापलं ते प्रत्यक्षात एका व्यक्तीचं चिन्ह होतं, आणि या नाण्याच्या डिझाईनमधली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे.

याच चिन्हाचं पदकही निष्ठावंतांना दिलं जायचं. पुढे १९८१ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रान्स्वा मितराँ यांनाही तरुणपणी, १९४३ मध्ये ते मिळालं होतं. नंतर ते प्रतिकार चळवळीत उतरले, पण त्या पदकाने शेवटपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही.

मग नाणी बाजारात का आली नाहीत?

उत्तर धातूत आहे. हे नाणं तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं होतं. निकेल म्हणजे चिलखती पोलाद आणि इंजिनं, तांबं म्हणजे काडतुसं आणि तारा. १९४१ च्या युरोपात हे दोन्ही धातू खिशात खुळखुळायला ठेवणं परवडणारं नव्हतं. १ कोटी ३७ लाख नाणी गुणिले ४ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५५ टन धातू.

धातूंची टंचाई कुठवर गेली होती, याचा अंदाज दुसऱ्या एका निर्णयातून येतो. ११ ऑक्टोबर १९४१ ला विशी सरकारने कायदा करून सार्वजनिक जागांवरचे तांब्याच्या मिश्रधातूंचे पुतळे वितळवायला परवानगी दिली. पॅरिसमधला खगोलशास्त्रज्ञ आरागोचा पुतळा गेला, व्हिक्टर ह्युगोचं भव्य स्मारक गेलं. आरागोचा रिकामा चौथरा त्यानंतर कित्येक वर्षं तसाच उभा होता. ज्या सरकारला ह्युगो वितळवावा लागत होता, त्याला ५५ टन नाणी लोकांच्या हाती देणं जमणार नव्हतंच. शिवाय चांगल्या धातूचं नाणं युद्धकाळात बाजारात फिरत नाही, लोक ते गाडग्यात पुरून ठेवतात.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक हिशोब निघतो. शस्त्रसंधीनुसार जर्मन सैन्याचा खर्च फ्रान्सने द्यायचा होता, आणि तो सुरुवातीला ठरला होता दिवसाला ४० कोटी फ्रँक. पाडलेल्या सगळ्या पेतां नाण्यांची मिळून किंमत होते ६ कोटी ८९ लाख फ्रँक. त्या दराने जर्मन फौजेचा जेमतेम चार तासांचा खर्च. वर जर्मनांनी एका मार्कला २० फ्रँक असा विनिमय दर लादला होता, त्यामुळे जर्मन सैनिकाला फ्रान्समधली दुकानं स्वस्ताईचा बाजार वाटायची.

पाचाचं नाणं वितळलं आणि १९४३ पासून मेंढपाळाचं चित्र असलेली ५ फ्रँकची कागदी नोट आली. त्या काळच्या इतर नोटांवर खाणकामगार आणि कोळी होते. 'काम' या ब्रीदाला साजेसे चेहरे, पण मार्शल नाहीत.

लोकांच्या हातात काय आलं?

ॲल्युमिनियम आणि जस्त. ५० सेंटिम, १ फ्रँक आणि २ फ्रँकची ॲल्युमिनियमची नाणी बाझोर यांनीच घडवली. त्यांच्यावर गव्हाच्या लोंब्यांमध्ये फ्रान्सिस्क आहे, चेहरा नाही. ॲल्युमिनियमच का? कारण त्याचं खनिज, बॉक्साइट, फ्रान्समध्ये भरपूर होतं. बॉक्साइट हे नावच मुळी दक्षिण फ्रान्समधल्या ले बो या गावावरून पडलंय. पण विमानंही ॲल्युमिनियमचीच बनतात, त्यामुळे तेही पुरेना. १९४३ मध्ये १ फ्रँकच्या नाण्याचं वजन १.६ ग्रॅमवरून १.३ ग्रॅमवर आणलं. हातात धरलं तर बटण वाटावं असं नाणं. १० आणि २० सेंटिमची नाणी जस्ताची होती, मध्ये भोक असलेली. जस्त काही महिन्यांत काळवंडतं, म्हणून ती आज सापडतात तीही बहुधा काळपटच असतात.

भोक म्हटल्यावर आजीकडून 'भोकाचा पैसा' ऐकलेल्यांना आठवण झाली असेल. तो आपल्याकडे आला १९४३ मध्ये, म्हणजे याच युद्धात आणि याच कारणाने. मधला धातू वाचवायचा. त्याच काळात ब्रिटिश सरकारने रुपयातल्या चांदीचं प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणलं होतं.

दुसऱ्या बाजूची नाणी

पेतांना न मानणारा फ्रान्सही होता. लंडनहून जनरल द गोल यांनी 'मुक्त फ्रान्स' उभा केला. १९४० मध्येच काही वसाहती त्यांच्या बाजूने गेल्या, त्यात आपल्याकडचं पुदुच्चेरीही होतं. या वसाहतींसाठी पॅरिसची टांकसाळ वापरणं शक्य नव्हतं. म्हणून मध्य आफ्रिकेतल्या फ्रेंच प्रदेशांची १९४२ आणि १९४३ ची नाणी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाच्या टांकसाळीत पाडली गेली. एका बाजूला फ्रान्सचा कोंबडा, दुसऱ्या बाजूला लोरेनचा दुहेरी क्रूस, म्हणजे द गोल यांच्या चळवळीचं चिन्ह. एकाच वेळी एकाच देशाच्या नावाने दोन चलनं, एकावर कुऱ्हाड आणि एकावर क्रूस.

१९४४ मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या तेव्हा तिसरा प्रकार आला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५ कोटी पितळी २ फ्रँकची नाणी पाडली गेली. त्यांच्यावर चेहरा नाही, चिन्ह नाही. एका बाजूला फक्त 'फ्रान्स' आणि दुसऱ्या बाजूला 'स्वातंत्र्य, समता, बंधुता'. 'प्रजासत्ताक' हा शब्दही नाही, कारण फ्रान्सचं सरकार नेमकं कुणाचं, हे अमेरिकेने अजून ठरवलं नव्हतं. दोस्त फौजांनी आणलेल्या अशाच नोटांवर द गोल जाम भडकले होते. आपल्या देशाचं चलन दुसऱ्याने छापावं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

शेवटी काय झालं?

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं. विशीचा काळ कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता, असं नव्या सरकारने जाहीर केलं. पेतांवर खटला चालला. १५ ऑगस्ट १९४५ ला त्यांना फाशीची शिक्षा झाली. त्यांचं वय पाहून द गोल यांनी ती जन्मठेपेत बदलली. २३ जुलै १९५१ ला अटलांटिकमधल्या इल द्यू या बेटावर, कैदेतच ते वारले.

५ फ्रँकच्या नाण्यावर १९४५ मध्ये लाव्रिलिएची मारियान परत आली, फक्त आता ॲल्युमिनियममध्ये. आणि बाझोर? ते १९५८ पर्यंत मुख्य कोरक म्हणून कामावर राहिले. नाण्यांवरची पंखाची खूण तीच राहिली, आधी कुऱ्हाडीशेजारी आणि मग मारियानशेजारी.

संग्राहकांमध्ये पेतां नाणी जमवण्यावरून आजही वाद होतो, आणि तो उगाच नाही. याच सरकारने ऑक्टोबर १९४० मध्ये, जर्मनांनी सांगायच्या आधीच, ज्यूंविरोधी कायदा केला. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत सुमारे १३ हजार ज्यूंना पकडलं, त्यात हजारो लहान मुलं होती. त्यात फ्रेंच राज्यसंस्थेचा वाटा होता हे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी मान्य केलं, तेही थेट १९९५ मध्ये. त्यामुळे लिलावाच्या कॅटलॉगमध्ये 'सुंदर पोर्ट्रेट, दुर्मीळ नमुना' असं वाचताना काहींना अवघडल्यासारखं होतं. इतिहास अभ्यासणाऱ्यांचं म्हणणं उलट आहे. हे नमुने वितळले असते, तर हुकूमशाही आपला चेहरा कसा घडवत होती याचा धातूतला पुरावाच उरला नसता.

ऑनलाइन दिसलं तर

'दुर्मीळ फ्रेंच नाणं' अशा पोस्ट अधूनमधून फिरतात. नमुना असल्याचा दावा असेल तर आधी 'एसे' हा शब्द शोधा. मग वजन करा, ५ फ्रँकचं मूळ नाणं ४ ग्रॅमचं आहे. लोहचुंबक लावून बघा. शुद्ध निकेलचं नाणं चिकटतं, तांबं-निकेलचं चिकटत नाही. म्हणजे १९४१ चं पेतां नाणं चुंबकाला चिकटलं, तर काहीतरी गडबड आहे. धातू वेगळा दिसला म्हणून लगेच नकली समजू नका, कारण नमुने वेगवेगळ्या धातूंत पाडून बघायची पद्धत आहे. पण अशा वेळी फोटोवर भरवसा ठेवून पैसे पाठवू नका. फ्रेंच नाण्यांसाठी गादुरीचा कॅटलॉग वापरतात, त्यात नमुन्यांचीही नोंद असते. आणि कुणी ॲल्युमिनियमचं कुऱ्हाडवालं १ फ्रँक 'अतिदुर्मीळ' म्हणून विकत असेल, तर त्याला सांगा की ती कोट्यवधींनी पाडली होती.